दिव्याभोवतीचं रंगीत कडं

मला फसवणं सोपं नाही. बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या गादीवर बसते. सुती म्हणून आलेल्या ठाणातला एक दोरा ओढून, त्याला काडी लावून, त्याचा वास घेतल्याशिवाय मी माल आत घेत नाही. रंग पक्का आहे असं व्यापारी म्हणाला की मी पदराचं टोक ओलं करून त्याच्यासमोरच कापडावर घासते. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान शिवराज, पाहुण्यांना सांगतात की ही बाई लग्नातल्या अक्षतासुद्धा निवडून घेत होती. तर अशा बाईचा डावा डोळा जवळजवळ गेला, आणि ज्यानं तो घालवला त्याच्यावर तिनं एकदाही संशय घेतला नाही. बाकी सगळ्यांवर घेतला. सुनेवर घेतला, डॉक्टरवर घेतला, डोळ्यात घालायच्या थेंबांवरसुद्धा घेतला.

हे मी शहाणी झाले म्हणून लिहीत नाही. माझा स्वभाव आहे तसाच आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण माझ्यासारख्या संशयी माणसांनी संशय कुठे घ्यावा, हे तरी कुणीतरी सांगायला हवं.

पूजा

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या करडगीत, म्हणजे छोट्या डबीत. रोज ते बाहेर काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलपान वाहायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. पाठीमागे दिवा ठेवतात. त्याचा ठिपका काळ्याभोर लिंगावर चमकतो, त्या ठिपक्यावर नजर ठरवायची. दुसरा उजेड नको म्हणून मी देवघराची खिडकीसुद्धा लावून घेते. सासूबाईंनी शिकवलेली पूजा, एक दिवस चुकवली नाही.

एका सकाळी त्या ठिपक्याभोवती मला कडं दिसलं. आतून निळसर, बाहेरून तांबडं, मध्ये इंद्रधनुष्यातले बाकीचे रंग. मान मागे वळवून दिव्याकडे बघितलं तर दिव्याभोवतीही तेच. अंगावर काटा आला. इतकी वर्षं बसतेय, आज कुठे पावलं, असं वाटलं. पुढे ते अधूनमधून दिसू लागलं. पूजा झाली की डाव्या भुवईवर ठणकायचं, डोकं जड व्हायचं. मी म्हणायचे, एवढा उजेड झेलायचा म्हणजे थोडा भार होणारच.

मी हे फक्त राचम्माला सांगितलं. राचम्मा आमच्या गल्लीतलीच, भजनाला माझ्या शेजारी बसणारी. तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच, हे काय मला माहीत नव्हतं? महिनाभरात बायका त्या कड्याला ज्योत म्हणायला लागल्या आणि भजनाआधी माझ्या पाया पडायला लागल्या. कुणी लेकराला आणून माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवून घ्यायची. मी वरवर नको नको म्हणायचे. मान कुणाला नको असतो? कापडावर ओला पदर घासणारी मी, पण त्या रंगांवर पदर घासून बघावा असं मला एकदाही सुचलं नाही.

सून

सून संगीता कलबुर्गीची. शिकलेली, दुकानात माझ्याबरोबर बसते. तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. मी काळ्या साडीवर गडद निळा ब्लाउजपीस काढून देत होते. दाराच्या डाव्या चौकटीला माझा खांदा रोज लागत होता. डाव्या बाजूला येऊन बसलेलं गिऱ्हाईक हाक मारीपर्यंत मला कळत नव्हतं.

एका दुपारी दुकान रिकामं असताना ती म्हणाली, "अत्ते, डाव्या बाजूचं तुम्हाला दिसंना झालंय. कलबुर्गीला जाऊन दाखवून यिऊ."

मी काय ऐकलं? सासू आंधळी ठरली की गादी मोकळी. आधीच तिनं मोबाइलवर पैसे घ्यायला सुरुवात केली होती, माल मागवायचे फोनही तीच करायला लागली होती. आता डोळा. आणि दाखवायचं तेसुद्धा तिच्या माहेरच्या गावात.

मी म्हणाले, "माझ्या डोळ्यात काय न्हाई. तुझ्या मनात काय हाय ते सांग." त्या दिवसापासून तिनं तो विषय माझ्यासमोर काढला नाही. पण गिऱ्हाईक आलं की ती हळूच माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायची. माझी जागा घेतेय, असा मी अर्थ काढला.

पित्त

श्रावणी सोमवारी संध्याकाळीही पूजेला बसले होते. उपास होता. बराच वेळ खाली मान घालून बसल्यावर डाव्या डोळ्यात कुणीतरी आतून अंगठा दाबतंय असं वाटलं. मग ते कपाळात गेलं, दाढेत गेलं, आणि मी उठून मोरीपर्यंत जायच्या आत ओकले.

घरात सगळे म्हणाले पित्त. उपासाच्या पोटी चहा घेतला होता, मलाही पटलं. गावातल्या डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. उलटी थांबली, दुखणं थांबेना. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला ठाणाकुशनूरकडच्या एका खेड्यात नेलं. तिथे अर्धशिशीवर नाकात पाल्याचा रस सोडतात. मी मुकाट्यानं रस सोडून घेतला. त्या माणसाला मी एक प्रश्न विचारला नाही, कारण तो मला हवं तेच बोलत होता.

डोळा लालबुंद झाला होता. त्या डोळ्यानं बघितलं तर सगळं दुधाच्या पातेल्यातून बघितल्यासारखं. संगीतानं माझी हनुवटी धरून डोळा बघितला, आणि पहिल्यांदाच मला न विचारता माझ्या मुलाला गाडी काढायला सांगितली.

वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. एका डोळ्यात कळ, त्याच बाजूचं डोकं, लाली, धूसर दिसणं आणि वर उलटी, हे पित्त समजून घरी बसू नका. मी बसले.

हनुवटी इथे ठेवा

कलबुर्गीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. तिनं मला यंत्रासमोर बसवलं आणि हनुवटी पट्टीवर ठेवायला सांगितली. माझी करडगी टेबलाला आपटत होती. मदतनीस मुलगी म्हणाली, गळ्यातलं काढून ठेवा. मी उठूनच उभी राहिले. ते अंगावरून निघत नाही, मेल्यावरसुद्धा बरोबर जातं, हे मी तिला जरा मोठ्यानंच सांगितलं. संगीतानं मध्ये पदर धरून करडगी हलकेच माझ्या खांद्याकडे सरकवली आणि तपासणी होईपर्यंत तशीच धरून वाकून उभी राहिली. मला आजही लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात आलं, ही माझ्या लिंगाला धरून कसली शपथ घ्यायलीय?

डॉक्टर म्हणाली काचबिंदू. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद झालीय, आत दाब वाढलाय, त्यानं मागची नस मरते. मी म्हणाले, माझं बीपी बरोबर आहे. ती म्हणाली, हा दाब वेगळा. मोतीबिंदूसारखं हे काढून टाकून पुन्हा दिसत नाही का, असं मी विचारलं. नाही, म्हणाली. जेवढं गेलं तेवढं गेलं. राहिलेलं सांभाळायचं.

तेव्हाची भीती मला नीट सांगता येणार नाही. समोरची भिंत हिरवी होती, आणि ही हिरवी आहे हे मला उद्या दिसेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग तिनं विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का?"

मी मान वळवून संगीताकडे बघितलं. हिला कुणी सांगितलं? राचम्मानं सांगितलं असणार, आणि हिनं डॉक्टरला. माझं देवघर इथवर आणलं. डॉक्टर वाट बघत होती.

"न्हाई," मी म्हणाले. "कधीच न्हाई."

थेंब

तिथे राहावं लागलं. परिचारिका सारखी थेंब घालायला यायची. वर बघा, मिटा, हलू नका. मी प्रत्येक वेळी बाटली हातात घेऊन नाव बघायची, न कळणारं इंग्रजी सुनेकडून वाचून घ्यायची, आणि पुन्हा मुलाकडूनही वाचून घ्यायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला डॉक्टर काय सांगून गेली ते विचारायची आणि मला सांगितलेल्याशी ताडून बघायची. डॉक्टरलासुद्धा मी एकच प्रश्न तीन तऱ्हेनं विचारला. ठोक व्यापाऱ्याला मी असंच विचारते, खोटं असलं की तिसऱ्या वेळी भाव बदलतो. तिचा बदलला नाही, पण मी म्हटलं, मुरलेली आहे.

दाब उतरला. डाव्या डोळ्याला लेसर केलं, वाट मोकळी करायला बारीक छिद्र पाडलं. कळ गेली, पण धुकं राहिलं. घरी सोडायच्या दिवशी ती म्हणाली की उजव्या डोळ्यालाही तसंच छिद्र पाडायला हवं.

उजव्या डोळ्यानं मला भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथीसुद्धा वाचता येत होती. तो डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता. चांगल्या डोळ्याला भोक पाडायचं? आता मला सगळा धंदा कळला असं वाटलं. ती म्हणाली की दोन्ही डोळ्यांची घडण सारखीच असते, एकाची वाट बंद झाली की दुसऱ्याची कधीही होऊ शकते. तुमच्या घरात आणखी कुणाचे डोळे गेले होते का, असंही तिनं विचारलं. माझी आई शेवटी भिंत धरून चालायची. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. पण मी तेही सांगितलं नाही.

मी नाही म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मालक चिडले, मुलगाही चिडला. वाटेत मी संगीताला म्हणाले की तुझ्या माहेरचं गाव, तुझ्या माहेरची डॉक्टर, आता समाधान झालं असेल. ती बसवकल्याण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत रडत होती. तिला गप्प करायला कुणी पुढे झालं नाही, मी तर नाहीच.

उजव्या डोळ्यासाठी दिलेले थेंब मी कपाटात ठेवून दिले. चांगल्या डोळ्यात कशाला काही घालायचं?

बिदर

मालकांना घेऊन मी बिदरला दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. घरात सांगितलं की पाहुण्याकडे जातोय. कलबुर्गीचे कागद नेले नाहीत, तिथल्या डॉक्टरचं नाव काढायचं नाही असं मालकांना बजावलं. म्हातारे डॉक्टर होते, दखनीत बोलायचे. त्यांनी टॉर्च मारली, यंत्रातून बघितलं आणि डाव्या डोळ्याचं लेसर बरोबर ओळखलं. ते ओळखणार हे मला मान्य होतं, भोक असलं तर दिसणारच.

मग ते सहज म्हणाले, "अम्मा, बत्ती के बाजू में रंग का गोल दिखता क्या?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळाही लवकर करून घ्या, नशीब आहे की अजून शाबूत आहे.

परत येताना बसमध्ये मला दुसरं काही सुचेना. ह्यांना कुणी सांगितलं? संगीताला आम्ही इथे आलो हेच माहीत नाही. राचम्मा कधी बिदरला गेलेली नाही. कलबुर्गीच्या पोरीची आणि ह्या म्हाताऱ्याची ओळख आहे म्हणावं, तर माझं नाव तिला कळवणार कोण? भालकी गेलं तरी मी जुळवाजुळव करत होते. माणसांची सगळी नावं संपली. एकच राहिलं, ते म्हणजे माझा डोळा. त्यानंच दोघांनाही सांगितलं होतं.

शेजारी मालक झोपले होते. मला त्यांना उठवून सांगायचं होतं, पण सांगायचं काय? माझी ज्योत म्हणजे रोग, असं?

एक डोळा मिटून

दुसऱ्या दिवशी देवघरात बसले. खिडकी लावली, दिवा ठेवला, लिंग तळहातावर घेतलं. मग पूजेत आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मोकळ्या हातानं उजवा डोळा झाकला. डाव्यानं नुसतं धुकं, त्यात काळा डाग. मग डावा झाकला. उजव्यानं लिंग लख्ख दिसलं, ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. काही कडं नाही, काही नाही. मनात म्हटलं, घ्या, दोन्ही डॉक्टर खोटे.

उठणार होते. पण कापड घासायचं तर नीट घासावं, म्हणून रोजच्याइतकाच वेळ मान खाली घालून बसून राहिले. हळूहळू ठिपक्याभोवती निळसर काहीतरी आलं. मग हिरवं. मग बाहेरून तांबडं. तेच कडं, तेच रंग, आता माझ्या चांगल्या डोळ्यात.

देव यायचाच तर असा आज डाव्या डोळ्यात, उद्या उजव्या डोळ्यात, हप्त्याहप्त्यानं कशाला येईल? मी लिंग करडगीत ठेवलं, झाकण लावलं. मी संगीताला हाक मारली.

"गाडी सांग," मी म्हणाले. "मला कडं दिसायलंय. कवापासनं दिसायलंय."

ती देवघराच्या उंबऱ्यावर उभी होती. कामून लपवलंत, असं तिनं विचारलं नाही. "डॉक्टरनं इचारलेलं ते कडं? चला अत्ते," एवढंच म्हणाली. तेव्हा मला कळलं की तिला माझ्या ह्या कड्याबद्दल काही माहीतच नव्हतं. साऱ्या गावाला माहीत, आणि माझ्या घरातल्या सुनेला कुणी सांगितलं नव्हतं, कारण घरातलीला माहीतच असणार असं सगळ्यांना वाटलं, आणि मी तर तिच्याशी धड बोलत नव्हते.

काळं लिंग

लेसरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोळा बधिर करतात, त्यावर भिंगासारखं काही टेकवतात, टकटक आवाज येतो आणि प्रत्येक टकटकीला चिमटा बसल्यासारखं होतं. चहा होईपर्यंत आटोपतं. घरी येऊन झोपले. डावा डोळा थोडाफार उरला आहे, उजवा चांगला आहे. थेंब चालू आहेत, तपासणीला जावं लागतं. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरला विचारून घ्यायची, असं सांगितलंय. मी विचारते. दोन्ही बहिणींचे डोळे तपासून घेतले, त्यातल्या धाकटीलाही लेसर करावं लागलं.

पण पुन्हा पूजेला बसले तेव्हा कडं आलं नाही. कितीही वेळ बसले तरी नाही. तळहातावर काळं लिंग, त्यावर दिव्याचा ठिपका, बस. मला रडू आलं, आणि ते डोळा वाचला म्हणून नव्हतं. रोग होता हे मला पटलं होतं, तरी तो रोग माझ्याशी सकाळी गोड बोलत होता. आता ते बोलणं बंद झालं. हे मी घरात कुणाला सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते. आणखी कुणाला असं झालं असेल तर तिनं स्वतःला वेडी समजू नये.

भजनात मी सगळं उघड सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं. पाया पडणं थांबलं. पूजेत काहीतरी चुकलं असणार म्हणून ज्योत गेली, असं दोघी-तिघी बाहेर बोलल्या, ते माझ्या कानावर आलं.

राचम्मा

ह्या पाडव्याच्या सुमारास राचम्मा दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत बसून राहिली, मग माझ्याकडे सरकली. चेहरा उजळलेला.

"अक्का, मला बी दिसायलंय," ती म्हणाली. "तुमच्यावानी."

मी विचारलं, डोकं दुखतं का? दुखतं म्हणाली, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणाले, एकेक डोळा झाकून बघितलंस का? कलबुर्गीला चल.

तिचा चेहरा बघता बघता उतरला. "तुमचं गेलं म्हणून माझं बी घालवायलाव व्हय?" म्हणाली आणि उठून गेली.

मी तिच्यावर रागावू शकले नाही. तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, आणि वर चार शब्द जास्त बोलले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. तिनं चहा विचारला नाही. ती येत नाही तोवर मी उठत नाही, असं मी तिला ऐकू जाईल असं बोलले. येणारे-जाणारे थांबून विचारायला लागले. शेवटी लोकांच्या लाजेनं तिनं चपला घातल्या. बसमध्ये ती माझ्याकडे पाठ करून बसली. बसवकल्याण गेलं, हुमनाबाद गेलं, ती तशीच बसली होती.

दवाखान्यात तीच डॉक्टर होती. तिनं राचम्माची हनुवटी पट्टीवर ठेवली, दोन्ही डोळे बघितले, आणि विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं का?"

राचम्मानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मला नवी नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली. "कधीच न्हाई."

मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "डॉक्टर, ही खोटं बोलायलीय. मी बी बोलले होते."